आठ गाण्यांची उजवी बाजू

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकसष्ट, व्यवसाय हेवी मेटल गिटारवादन, राहणार पत्नीच्या चामडे-दुरुस्तीच्या दुकानावरचा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, भरीस घातलेले नाही किंवा काही पाजून लिहायला बसवलेले नाही. मी घाबरलेलो आहे, हे मात्र खरे. पण घाबरलेला माणूस आणि बुद्धी फिरलेला माणूस यांत कायदा फरक करतो, असा खुलासा वकीलबाईंनी केला आहे. तो मी त्यांच्याकडून दोनदा करून घेतला.

माझे कागदोपत्री नाव सोबतच्या ओळखपत्रावर आहे. ते कोणी वापरत नाही. आमच्या 'घण' या बँडमध्ये मला 'खिळा' म्हणत, कारण मी उंच, काटकुळा आणि डोक्याने चपटा. धाकटा भाऊ 'दादा' म्हणतो. या कागदातला अवघड भाग त्याच्याबद्दलच आहे आणि तिथे पोचेपर्यंत मी बाकीची कलमे उरकून घेतो.

वकीलबाईंनी हे एका बैठकीत लिहायला सांगितले होते. मला जमले नाही. मागच्या सोमवारपासून लिहितो आहे. जे बदलले ते खोडलेले नाही, पुढच्या कलमात तसे नोंदवले आहे, आणि प्रत्येक पानाखाली छोटी सही आहे.

कलम १. हे आत्ताच का

येत्या गुरुवारी माझ्या मानेची शस्त्रक्रिया आहे. दोन मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला आहे. सर्जननी फोटो उजेडावर धरला आणि विचारले, "मानेला कधी मार बसला होता?"

"नाही."

"ओझी उचलायचात?"

"गिटार. साडेचार किलो."

"मग एवढी झीज कशानं?"

गाण्याच्या ठेक्यावर मान कशी झोकायची ते मी बसल्या जागी करून दाखवायला लागलो. त्यांनी झटकन हात पुढे करून माझे कपाळच धरले. "किती वर्षं हे?"

"एकतीस."

त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिले. बाहेर आल्यावर पत्नीने वाचले: 'व्यावसायिक इजा'. माझ्या कामाला व्यवसाय म्हणणारा आयुष्यातला हा पहिला कागद.

डाव्या हाताची बोटे बधिर होत चालली आहेत. रोज सकाळी उठल्याबरोबर मी दुकानातली सुई घेऊन एकेक बोट टोचून पाहतो. सोमवारी करंगळीला कळले नाही. बुधवारी तिच्या शेजारच्या बोटालाही कळले नाही. शस्त्रक्रियेने गेलेले परत येईलच असे नाही, पण केली नाही तर पायही जातील. टेबलावर काही वाईट होण्याची शक्यता शंभरात एक, असे सर्जन म्हणाले. आम्ही ज्या सभागृहांत वाजवले तिथे शंभर माणसे म्हणजे पहिल्या चार रांगा. मी त्या रांगा डोळ्यांसमोर आणतो आणि त्यातला तो एक जण कोण, ते शोधत बसतो.

कलम २. घर

राहते घर माझ्या पश्चात माझ्या पत्नीचे आणि तिच्यानंतर आमच्या लेकीचे. खालचे दुकान मुळातच पत्नीचे आहे, त्यामुळे ते देण्याचा आव मी आणत नाही. माझ्या गिटारचा पट्टा कार्यक्रमाच्या दिवशी तुटला आणि मी तिच्या दुकानात धावत शिरलो, तिथून आमची ओळख. तिने पट्टा उलटसुलट करून पाहिला होता आणि म्हणाली होती, "याला शिवण नको, अक्कल हवी. एवढ्या वजनाला एवढंसं चामडं?" त्यानंतरचे सगळे पट्टे तिने केले. एकही तुटला नाही.

जिन्याची वरून तिसरी पायरी सैल आहे. तीन वर्षे मी 'करतो' म्हणतो आहे. मी नसलो तर सुताराला बोलवावे. न्हाणीघराच्या भिंतीला ओल येते ती वरच्या टाकीमुळे, नळामुळे नव्हे. नळवाल्याच्या सांगण्यावरून फरशी फोडू नये. वीजबिल, घरपट्टी आणि विम्याचे कागद निळ्या पेटीत आहेत. किल्ली पेटीलाच लटकवली आहे, म्हणजे कुलपाचा उपयोग काय असे कोणी विचारू नये.

कलम ३. बँकेतील शिल्लक

जी असेल ती पत्नीची. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ४. गायक

मोठा अँप्लिफायर आमच्या बँडच्या गायकास द्यावा. 'खिळ्या, आवाज कमी कर, मला मी ऐकू येत नाही' हे वाक्य त्याने मला एकतीस वर्षे प्रत्येक तालमीत ऐकवले. आता आवाजाचे बटण त्याच्या हातात राहील. तो शेवटच्या काळात माझ्याशी बोलत नव्हता, कारण मी एका मुलाखतीत म्हणालो की त्याचा आवाज लोखंडी फाटक उघडल्यासारखा आहे. मी ते कौतुकाने म्हटले होते. आमच्या संगीतात तसा आवाज मिळत नाही. कृपया हे त्याला कोणीतरी समजावून सांगावे. मात्र माझ्या अंत्यविधीत त्याने गाऊ नये. शेजारी म्हातारे आहेत.

कलम ५. गिटारी

पांढरी गिटार लेकीला. ती लहान असताना अँप्लिफायरची घरघर चालू असल्याशिवाय झोपत नसे. बंद केला की रडत उठायची. आता ती पुलांचे आराखडे काढते आणि मेटल ऐकत नाही. तरी तिलाच द्यावी.

काळी गिटार धाकट्या भावाला. ती मुळात त्याचीच होती. बँड सोडताना त्याने ती माझ्याकडे ठेवली आणि म्हणाला, "घरात दिसली की हात शिवशिवतो रे, तुझ्याकडेच राहू दे." त्यानंतर एकोणतीस वर्षे त्याने ती मागितली नाही.

कलम ६. टेपा

येथून पुढचे कलम मी चारदा लिहिले आहे.

पलंगाखाली तीन लाकडी खोक्यांत आमच्या पहिल्या अल्बमच्या मूळ टेपा आहेत. ध्वनिमुद्रक वारले तेव्हा त्यांच्या पत्नीने 'आमच्याकडे जागा नाही' म्हणून त्या माझ्याकडे पाठवल्या. या टेपांवर प्रत्येक वाद्य वेगळे आहे. पाहिजे तर एकेकटे ऐकता येते. कोणता आवाज कोणाचा, हे ध्वनिमुद्रकांनी खोक्यावरच्या कागदात लिहून ठेवले आहे. माझ्यासाठी 'दा', म्हणजे दादा. भावासाठी 'धा', म्हणजे धाकटा. आठही गाण्यांत दुसऱ्या गिटारपुढे आधी 'धा' लिहिलेले आहे. ते आठही ठिकाणी खोडून शेजारी 'दा' केले आहे.

याचा अर्थ मी आता लिहितो.

आमचे वडील तोलकाट्यावर कारकून होते. मी गिटार वाजवतो हे त्यांना पटत नव्हते. एकदा तालमीच्या खोलीच्या दारात उभे राहून त्यांनी विचारले, "हे गाणं आहे की लोहारकाम?" त्यावरूनच आम्ही बँडचे नाव 'घण' ठेवले. पण त्यांनी मला अडवले नाही. एकच अट घातली. "जाशील तिथं धाकट्याला बरोबर ने. दोघं असाल तर एक तरी दुसऱ्याला घरी आणेल." तो माझ्याहून सात वर्षांनी लहान. मी त्याला सूर शिकवले, ठेका शिकवला, आणि त्याला दुसऱ्या गिटारवर घेतले.

आमच्या संगीतात दोन गिटारी एकच गोष्ट वाजवतात. एक ऐकणाऱ्याच्या डाव्या कानात ठेवतात, एक उजव्या. दोन्ही केसाच्या अंतराने जुळल्या तर भिंत उभी राहते. नाही जुळल्या तर विटांचा ढीग. मंचावर ढीगही खपून जातो, कारण घाम असतो, उजेड असतो, लोक ओरडत असतात. टेपवर खपत नाही.

अल्बम एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात ध्वनिमुद्रित झाला. भिंती हातभर जाड, आत भर दुपारी हुडहुडी. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, धाकटा एकवीस. लाल दिवा लागला की त्याचा उजवा हात पुढे पळायचा. फार नाही, किंचित. पाचव्या दिवशी त्याला ताप आला आणि तो घरी राहिला. सहाव्या दिवशी सकाळी ध्वनिमुद्रकांनी मला खुर्चीत बसवून दोन्ही गिटारी ऐकवल्या आणि म्हणाले, "खिळ्या, असा अल्बम मी बाहेर जाऊ देणार नाही. एकतर भाऊ बदल, नाहीतर त्याचं तू वाजव."

भाऊ बदलणे म्हणजे त्याला घरी बसवणे. मला वडिलांचा चेहरा दिसला. मी त्याचे वाजवले. दोन सकाळी, आठ गाणी. त्याच्याच काळ्या गिटारवर वाजवले, म्हणजे आवाजात फरक कळू नये. त्याचा पट्टा मला आखूड पडत होता, म्हणून खाली बसून वाजवले. मी इतका विचार केला होता, हे लक्षात घ्यावे. ही चूक नव्हती. हे काम मी नीट केले.

अल्बम आला तेव्हा त्याने कानावर हेडफोन चढवले आणि उजव्या बाजूवर हात दाबून धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"दादा, हा मी आहे? मी इतका चांगला वाजवतो?"

मी म्हणालो, "मग? भाऊ कुणाचा आहेस?"

त्या क्षणी सांगितले असते तर तो दोन महिने रुसला असता. पुढचे तीस वर्षांचे प्रकरण टळले असते.

चौथे गाणे 'भोंगा' सगळ्यांत वेगवान. लोक ते प्रत्येक कार्यक्रमात मागून घ्यायचे. धाकटा अल्बम ऐकायचा आणि तसे वाजवायला जायचा. येत नसे. तो आणखी सराव करायचा. मनगट सुजायचे, पट्टी बांधून परत बसायचा. चार वर्षे तो स्वतःच्याच मागे लागला होता, आणि तो ज्याच्या मागे लागला होता तो मी होतो. मी त्याच्यापासून तीन पावलांवर उभा राहून वाजवत होतो.

एकदा तालमीनंतर गिटार मांडीवर आडवी ठेवून त्याने मला विचारले, "रेकॉर्डिंगला यायचं ना रे मला? तूच सांग. यायचं ना?"

"यायचं."

"मग गेलं कुठं?"

मी म्हणालो, "सराव कमी पडतोय तुझा."

या कागदातले दुसरे कोणतेही वाक्य लिहिताना माझा हात एवढा अडला नाही.

पंचविसाव्या वर्षी त्याने बँड सोडला. मी त्याला थांबवले नाही. मला खरे तर हायसे वाटले. आता तो किराणा दुकानावरच्या एका खोलीत गिटार शिकवतो. भिंतीवर अल्बमचे मुखपृष्ठ चौकटीत लावले आहे. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी तो सांगतो, "हातात आलेलं हातातून जातं. माझं गेलं. जपून राहा." हे मी दाराबाहेर उभा राहून ऐकले आहे. आत न जाता परत आलो.

गेल्या महिन्यात एका कंपनीचे पत्र आले. त्यांना अल्बम नव्याने काढायचा आहे, टेपा हव्या आहेत, आणि सोबत शिकणाऱ्यांसाठी प्रत्येक वाद्य वेगळे ऐकता येईल अशीही आवृत्ती करायची आहे. पत्राची प्रत धाकट्यालाही गेली होती. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.

"दादा! उजवी बाजू एकटी ऐकता येणार! मी वर्गात लावतो. म्हणतो, बघा, तुमच्या सरांचा हात एके काळी कसा चालायचा."

मी पाणी पितो असे सांगून स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

त्यानंतर मला झोप नाही. मान की टेपा, कशाची काळजी जास्त ते सांगता येत नाही. एके दुपारी मी खोक्यावरचे कागद खरवडून काढायला बसलो. उजव्या हातात पाते होते, पण डाव्या हाताला खोका धरवेना. तो घसरून पायावर पडला. अंगठ्याचे नख काळे आहे ते त्यामुळे. पत्नीला मी पायरीवर ठेचकाळलो असे सांगितले.

मग मी ठरवले की कंपनीला शस्त्रक्रियेनंतर उत्तर देऊ म्हणावे, आणि या कलमात लिहावे की टेपा माझ्या पश्चात धाकट्या भावाला मिळाव्यात, सोबत एक बंद पाकीट, जे त्याने मी गेल्यावर उघडावे. तसे लिहिलेही.

कलम ७. पाकिटाचे काय झाले

शुक्रवारी वकीलबाई आपल्या पिशवीचा बंद शिवून घ्यायला दुकानात आल्या. मी त्यांना खालीच मसुदा दिला. त्या काउंटरला टेकून वाचत होत्या. सहाव्या कलमाशी त्या थांबल्या, चष्मा काढला.

"कायद्यात बसतं हे," त्या म्हणाल्या. "पण याला वाटप म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"पळ काढणं म्हणतात. माझ्याकडे दर महिन्याला एखादा येतो. ज्याला उलट प्रश्न नको असतो, तो मेल्यावर बोलायचं ठरवतो."

पत्नीने आरी बाजूला ठेवली आणि कागद मागितला. तिला यातले काही माहीत नव्हते. तिने उभ्याउभ्या सगळे वाचले. मी तिचा चेहरा पाहायचे टाळून मोळ्यांचा डबा सारखा करत राहिलो.

"तेहतीस वर्षं?" ती म्हणाली. "मनगटाला शेक द्यायला तो माझ्याकडे यायचा. मी पट्टी बांधायची. तुम्ही तिथं बसलेले असायचात."

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते राहू द्या. तुम्ही सुटाल. तो पाकीट उघडेल आणि विचारायला कुणाकडं येईल? माझ्याकडं. मी काय सांगू त्याला?"

"गुरुवारनंतर सांगतो."

"आणि गुरुवारनंतर नसलात तर? त्यासाठीच लिहिताय ना हे?"

वकीलबाईंनी पिशवीचा बंद ओढून पाहिला, मान डोलावली आणि निघून गेल्या.

शनिवारी दुपारी मी धाकट्याला बोलावून घेतले. तो शस्त्रक्रियेनंतर लागेल म्हणून मानेची उशी घेऊन आला. कोणती चांगली, हे त्याने तीन दुकानांत विचारले होते. मी त्याला पलंगावर बसवले, खोके बाहेर ओढले आणि त्यावरचा कागद दाखवला. बोलायला सुरुवात कुठून करायची हे मी रात्रभर ठरवले होते. त्यातले काहीच आठवले नाही.

"हे 'धा' खोडून 'दा' केलंय बघ," मी म्हणालो. "तुला ताप आला होता तेव्हा. तुझं मी वाजवलं."

त्याने कागदावर बोट ठेवून वरून खाली मोजत नेले. "आठही?"

"आठही."

"'भोंगा'?"

"तोही."

"सातव्याच्या सुरुवातीला तो संथ तुकडा आहे, तो?"

तो तरी त्याचा आहे म्हणावे, असे मला वाटले. शब्द तोंडाशी आला होता. कोणाला कळणार होते? "तोही मीच," मी म्हणालो.

खाली पत्नीचे यंत्र चालू होते ते थांबले.

"म्हणजे मला कधी आलंच नव्हतं," तो म्हणाला.

"नाही."

"मग गेलंही नव्हतं."

मी खोक्याचे झाकण सारखे करू लागलो.

"माझं काहीच गेलं नव्हतं, दादा. मी एकोणतीस वर्षं शोधतोय." तो उठला. तिसऱ्या खोक्यात त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाची टेप होती. ध्वनिमुद्रकांनी ती पुसली नव्हती, वर 'जपणे' असे लिहिले होते. ती मी त्याला दाखवली. त्याने ती काखेत मारली आणि जिना उतरून गेला. उशी पलंगावर राहिली.

रविवारी फोन केला, त्याने घेतला नाही. सोमवारी तीनदा केला. क्लासच्या खालच्या किराणावाल्याला फोन करून विचारले, तर तो म्हणाला की सर दोन दिवस आले नाहीत, दाराला कुलूप आहे. मी नको नको ते विचार केले. सुईने बोटे टोचायचे विसरलो. पत्नी म्हणाली, "लहान आहे का तो? चोपन्न वर्षांचा बाप्या आहे. येईल नाहीतर नाही येणार. तुम्ही खोली झाडून घ्या."

मी झाडून घेतली.

कलम ८. व्यवस्था पाहणारे

या मृत्युपत्राची अंमलबजावणी लेकीने करावी. तिला हिशोब येतो आणि रडण्याआधी ती कागद वाचते.

कलम ९. आज, मंगळवार, सकाळी अकरा

आज सहीसाठी वकीलबाई आल्या. साक्षीदार म्हणून शेजारच्या घड्याळजींना आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला सांगितले होते. घड्याळजी वेळेवर आले. औषधवाल्याने दुकानात गर्दी आहे, अर्ध्या तासाने येतो, असा निरोप पाठवला. आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून होतो. मी वकीलबाईंना विचारत होतो की साक्षीदार मिळाला नाही आणि गुरुवार उजाडला तर काय, आणि त्या मला तिसऱ्यांदा तेच उत्तर देत होत्या, तेवढ्यात धाकटा आत आला. दाढी वाढलेली. काखेत टेप.

तो माझ्याकडे न पाहता पत्नीला म्हणाला, "वहिनी, चहा असला तर दे." मग माझ्यासमोरची खुर्ची ओढली.

"ऐकली," तो म्हणाला. "एका जुन्या स्टुडिओत मशीन होतं. दोन दिवस तिथंच बसलो."

"मग?"

"पळतोय. 'भोंगा'त तर असा पळतोय, जसं मागं कुत्रं लागलंय." त्याने कप दोन्ही हातांत धरला. "पण ऐकायला मजा येते रे. एकवीस वर्षांचा आहे, आणि अजून त्याला कुणी काही बोललेलं नाही."

घड्याळजी खिडकीबाहेर पाहू लागले.

"तू ते वाजवलंस त्याचं मला एवढं नाही," तो म्हणाला. "मलाही कळतंय, ध्वनिमुद्रक बरोबर होते. पण मी तुला विचारलं होतं, 'गेलं कुठं'. आणि तू मला सराव कर म्हणालास."

"हो."

"त्याचं काय करायचं, ते मला अजून कळत नाही."

"मलाही नाही," मी म्हणालो.

त्यानंतर त्याने दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी येथे नोंदवतो. पहिली: नव्या आवृत्तीवर 'दोन्ही गिटार: खिळा' असेच छापावे. मी म्हणालो, तुझे नाव राहू दे, कोणाला काय फरक पडतो. तो म्हणाला, "मला पडतो. वर्गातली चौकट काल रात्री जाऊन मी काढली. भिंतीवर खूण राहिली आहे, ती बघतोय सध्या." कंपनीला तसे पत्र आम्ही दोघांच्या सहीने आजच लिहिले. टेपा कंपनीच्या माणसाने उद्या न्याव्यात. दुसरी: त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाची टेप त्याला वारसा म्हणून नको, आत्ता हवी. ती मी त्याला आज दिली. म्हणून टेपा आणि पाकीट यांसंबंधीचे कलम ६ मधील वाटप मी रद्द करतो. पाकीट फाडले आहे. बाकीचा मजकूर तसाच ठेवावा, ही त्याचीच इच्छा.

औषधवाला अजून आला नव्हता. धाकटा म्हणाला, "दुसरी सही मी करतो की."

वकीलबाईंनी त्याला थांबवले. "साक्षीदाराला या कागदातून काहीही मिळत नाही. तुमच्या नावानं कलम पाचमध्ये गिटार आहे. सही केलीत तर ती गेली."

"काळी?"

"हो," मी म्हणालो. "तुझीच आहे."

त्याने थोडा विचार केला. मी टेबलाखाली डाव्या हाताची बोटे उजव्या हाताने धरून बसलो होतो.

"पोरीला द्या," तो म्हणाला. "एक वाजवून कंटाळली की दुसरी असू दे. पेन कुठंय?"

म्हणून कलम ५ मध्ये दुरुस्ती: दोन्ही गिटारी लेकीला.

येथे माझे म्हणणे संपले. वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. तो मला समजतो आणि त्यातील एकही शब्द मी कोणाच्या दबावाखाली लिहिलेला नाही.

सही: खिळा (कागदोपत्री नावाची सही शेजारी)
स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधीचा मंगळवार, दुपारी बारा वाजण्याच्या सुमारास

साक्षीदार क्रमांक १: घड्याळ दुरुस्त करणारे, शेजारी. लिहून देणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. बाकी मला काही माहीत नाही आणि मी काही ऐकलेले नाही.
सही.

साक्षीदार क्रमांक २: गिटार शिकवणारा. लिहून देणारे माझे सख्खे थोरले भाऊ आहेत. त्यांनी माझ्यासमोर पूर्ण शुद्धीत सही केली. सहावे कलम मी वाचले आहे. ते खरे आहे. मी सही केली म्हणजे ते माफ केले, असा अर्थ कोणी काढू नये. त्याला वेळ लागणार आहे, आणि तोपर्यंत त्यांनी जिवंत राहणे आवश्यक आहे. गुरुवारी सकाळी साडेसहा वाजता त्यांना हॉस्पिटलमध्ये मी घेऊन जाणार आहे.
सही.